आकाशातील सेवा आणि वाणीचा संयम

विमानसेविका म्हणजे केवळ चहा-नाश्ता देणारी, हा समज अपुरा आहे. आणीबाणीत मोठे प्रवासी विमान निम्म्या दरवाजांतून 90 सेकंदांत रिकामे करता यावे, असा निकष आहे. प्रत्यक्ष प्रसंगी ती जबाबदारी तिच्यावर असते.

वेळी-अवेळी ड्यूटी, सणासुदीला घरापासून दूर; उड्डाण लांबले की प्रवाशांचा रोषही तिनेच सोसायचा. जैन भोजन बहुधा 24 तास आधी नोंदवावे लागते. ती नोंद राहून गेली, तर आकाशात ती कंदमूळविरहित ताट आणणार कुठून?

प्रथमच प्रवास करणाऱ्या भेदरलेल्या आजीने उतरताना दिलेला आशीर्वाद ही तिची खरी कमाई.

पेढीवर ग्राहकाशी गोड बोलणाऱ्या समाजाने ग्राहक झाल्यावरही वाणी सांभाळावी. भाषासमिती केवळ साधू-साध्वींपुरती नाही.