स्पेक्युलासचा मसाला घरी कसा करायचा, आणि आईच्या दालचिनीच्या बरणीचं काय झालं

या भागात मी मध्येमध्ये किसणीवर जायफळ किसत होतो, त्यामुळे ऑडिओत खरखर आहे. ती तुमच्या इअरफोनची नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा सगळा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे भरकटलो होतो, तिथे थोडी कात्री लावली आहे.

विषय आहे बेकिंगसाठीचा मसाला. तिखट नाही, तर केक-बिस्किटात घालतात तो. इंग्रजीत अशा मसाल्यांना ‘वॉर्म स्पाइस’ म्हणतात. प्रत्येक देशाचं आपापलं मिश्रण असतं. अमेरिकेत भोपळ्याच्या पायचं, इंग्लंडमध्ये ख्रिसमस पुडिंगचं, जर्मनीत लेबकूखनचं. मी बोलणार आहे डच लोकांच्या स्पेक्युलास मसाल्याबद्दल, कारण तो मी तिथे खाल्लाय, बिघडवलाय आणि शेवटी जमवलाय.

कंपनीने दीड वर्षासाठी मला नेदरलँड्सला पाठवलं होतं. उट्रेक्टला राहायचो. नोव्हेंबर लागला की चार-साडेचारलाच अंधारून यायचं आणि बेकऱ्यांमधून एक वास रस्त्यावर यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी अक्षरशः थांबलो. वास ओळखीचा होता, पण जागा चुकीची. दिवाळीत आई श्रीखंडाला जायफळ-वेलची लावते आणि त्याच वेळी शेजारी कुणीतरी गोडा मसाला भाजत असतं, तसं काहीतरी. ५ डिसेंबरला संध्याकाळी तिथे सिंटरक्लासचा सण असतो. लाकडी साच्यातून काढलेली, पवनचक्की किंवा दाढीवाला बिशप छापलेली ही तपकिरी बिस्किटं त्याच दिवसांतली.

‘अरे, हे तर बिस्कॉफ!’ असं काही जण म्हणतील. नाही. बिस्कॉफ बेल्जियमचं. त्याची चव मुख्यतः जळवलेल्या साखरेची असते. पुड्यावरची यादी वाचा, मसाला म्हणून फक्त दालचिनी दिसेल. डच स्पेक्युलासमध्ये मसाल्यांची अख्खी बैठक बसलेली असते.

एवढे मसाले त्या थंड, सपाट देशात आले कुठून, ते तुम्हाला माहीतच असेल. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. जायफळ तेव्हा फक्त बांदा बेटांवर पिकायचं, आणि ती बेटं ताब्यात घेताना १६२१ मध्ये कंपनीने तिथले बहुतेक लोक मारले, गुलाम केले किंवा हाकलून दिले. सणाच्या बिस्किटावर हे कुणी छापत नाही. आपल्याशी याचा धागा वेंगुर्ल्यात आहे. सतराव्या शतकात डचांची वखार तिथे होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. मालवणला जाताना आम्ही कॉलेजमध्ये असताना तिथे थांबलो होतो, फोटो काढले, आणि ती वखार नेमकी कोणाची हे कुणीही विचारलं नाही.

आता मसाला.

माझा पहिला प्रयत्न म्हणजे शुद्ध आळस. आठ मसाले, प्रत्येकी एक चमचा, मिक्सरमधून फिरवले. बिस्किटं दिसायला सुंदर झाली, पण एक खाल्लं की जीभ बधिर. दातांच्या दवाखान्यातून आल्यासारखं वाटायचं, आणि ते बरोबरच होतं. लवंगेत युजेनॉल असतं, दातांचे डॉक्टर तेच वापरतात. या मिश्रणात लवंग म्हणजे मीटिंगमधला तो एक माणूस, जो बोलायला लागला की बाकी कुणाचंच ऐकू येत नाही. त्याला बोलवायचं, पण वेळ ठरवून द्यायचा.

दुसरी चूक चमच्याची. दालचिनीची पूड हलकी आणि फुगीर असते, जायफळाची पूड चिकट आणि दबून बसणारी. एक चमचा इकडे आणि एक चमचा तिकडे, दोन्ही सारखे नसतात. साधा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या.

बऱ्याच फेऱ्यांनंतर माझं ठरलेलं प्रमाण हे: दालचिनी २४ ग्रॅम, जायफळ ६, सुंठ ५, धणे ४, लवंग ३, वेलचीचे दाणे ३, पांढरी मिरी ३ आणि जायपत्री २. बेरीज ५० ग्रॅम. काही डच घरांत यात अनीसही असतं. ती आपली बडीशेप नव्हे, तिची बारीक चुलत बहीण. मला तो वास बिस्किटात आवडत नाही, म्हणून मी वगळतो. तुम्ही घाला.

धणे बघून आई हसली होती. ‘बिस्किटात धणे? उद्या जिरं पण घालशील.’ पण धण्यात जो हलका लिंबासारखा वास असतो, तो बाकीच्या जड वासांना थोडी हवा देतो. काढून बघा, लगेच कळतं की काहीतरी गेलंय. पांढरी मिरी म्हणजे काळ्याच मिरीचं साल काढलेलं रूप. पिकलेले दाणे पाण्यात भिजवून, साल कुजवून काढतात, त्यामुळे तिला गोठ्यासारखा एक वास असतो. बाटली उघडल्यावर नाक मुरडाल, बिस्किटात मुरडणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: भाजायचं नाही. आपला हात सवयीने कढईकडे जातो. गोडा मसाला करताना आपण धणे, तीळ, खोबरं, दगडफूल असं सगळं तेलावर परततो, कारण तिथे भाजल्याची खमंग चवच हवी असते, आणि आमटीत तो मसाला थोडाच वेळ शिजतो. बिस्किटाला भट्टी मिळणारच आहे. आधी कढईत भाजलं तर उडून जाणारे हलके वास तिथेच उडतात, आणि भट्टीत उडायला काही शिल्लकच राहत नाही. ओलसर वाटलं तर तासभर उन्हात ठेवा, बास.

दळण्याबद्दल. दालचिनी, लवंग, मिरी, धणे, वेलचीचे दाणे आणि जायपत्री एकत्र, मिक्सरच्या सगळ्यात छोट्या भांड्यात, थांबून थांबून फिरवायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि वास घरभर पसरतो. घरभर पसरलेला वास म्हणजे मसाल्यातून गेलेला वास. लसणाच्या चटणीचं भांडं वापरू नका, हे मी शिकवणीची फी भरून सांगतोय. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. दालचिनीच्या काड्या राहतात, त्या पुन्हा फिरवा. जायफळ मात्र किसणीवरच. त्यात तेल भरपूर, मिक्सरमध्ये तळाशी लगदा होतो. सुंठ घरी दळायच्या भानगडीत मी पडत नाही, धागे सुटतात, तयार पूड आणतो. आलं सुकताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगॉल होतं आणि ते जास्त झणझणीत असतं, म्हणून ओलं आलं किसून घातलं तर चालत नाही. ती चवच वेगळी.

आता दालचिनीकडे येतो. खरं तर हा भाग त्यासाठीच केलाय.

मिश्रणात निम्मी दालचिनी आहे, म्हणून म्हटलं जरा नीट वाचू. तेव्हा लक्षात आलं की किराणा दुकानात ‘दालचिनी’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा तज असतं, म्हणजे कॅसिया. झाड त्याच कुळातलं, पण वेगळं. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येतं. खरी दालचिनी ती श्रीलंकेची, आणि आपल्या कोकणातही लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची तिची जात काढलेली आहे. ओळखायला सोपं आहे. तजाची साल जाड, कडक, लालसर, एकच वळकटी. खोडल्याशिवाय तुटत नाही. खरी दालचिनी फिकट, कागदासारख्या पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेले, बोटांनी चुरा होतो. पूड केली की मात्र डोळ्यांनी ओळखणं अवघड.

चवीचा फरक आहेच, तज जास्त तिखट आणि भडक. पण मुख्य फरक कूमरिन नावाच्या पदार्थाचा. तजात तो भरपूर असतो, श्रीलंकेच्या दालचिनीत नावापुरता. संवेदनशील माणसांच्या यकृताला त्याचा त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा ठरवली आहे: शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेने तपासलेल्या तजाच्या पुडीत सरासरी एका ग्रॅममागे सुमारे ३ मिलिग्रॅम कूमरिन होतं. कमीजास्त पुष्कळ होतं, पण सरासरी एवढी.

मी लगेच बिस्किटांचा हिशोब मांडला, कारण माझा भाचा, वजन १५ किलो, एका बैठकीत सहा खातो. एका घाण्यात मी १० ग्रॅम मसाला घालतो, त्यात दालचिनी ४.८ ग्रॅम. ती तज असेल तर कूमरिन १४ मिलिग्रॅमच्या आसपास. बिस्किटं होतात तीस. म्हणजे एका बिस्किटात साधारण अर्धा मिलिग्रॅम. भाच्याची मर्यादा दीड मिलिग्रॅम. तीन बिस्किटांत संपली.

घाबरून जाऊ नका. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठीची आहे. त्याच युरोपीय संस्थेने म्हटलंय की आठवडा-दोन आठवडे तिप्पट झालं तरी काळजीचं कारण नाही. सणाची बिस्किटं सणापुरती असतात. मला खरा धक्का बसला तो आकडे मांडून झाल्यावर, जेव्हा ओट्यावरच्या बरणीकडे लक्ष गेलं.

आई रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर दालचिनी पूड घ्यायची. शुगर काठावर आलीय, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं होतं. चौदा महिने, एक दिवस न चुकता. तिचा चमचा मी वजनकाट्यावर ठेवला: अडीच ग्रॅम. म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. तिचं वजन ५८ किलो, मर्यादा ५.८. रोज. सणासुदीला नाही, रोज. बरणीतल्या सालीचा तुकडा बोटांनी मोडून बघितला. मोडला नाही.

तिला सांगणं सोपं नव्हतं. ‘अरे, मसाला आहे तो, औषध नव्हे. तुझ्या आजीनेही आयुष्यभर खाल्लाय.’ मी म्हटलं, ‘आई, आजीने भातात एक तुकडा घातला, चमचे नाही खाल्ले.’ दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, ‘तो कागद दाखव बरं, हिशोबाचा.’ आई बँकेत होती, आकडे तिला पटतात. डॉक्टरांकडे गेलो. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे म्हणून त्यांनी यकृताची तपासणी करायला सांगितली. एक आकडा थोडा वर होता. दालचिनीमुळेच, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, गोळीमुळेही असू शकतं. चमचा बंद करा आणि तीन महिन्यांनी परत तपासा, एवढंच म्हणाल्या. परवाचा रिपोर्ट नॉर्मल आला. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या घरात कुणी असा रोजचा चमचा घेत असेल, तर डॉक्टरांना तेवढं सांगा. बहुतेक जण सांगतच नाहीत, कारण ते ‘घरगुती’ असतं.

जायफळाचंही तेच. चिमूटभर श्रीखंडात छान, पण झोप येत नाही म्हणून चमचाभर घेऊ नका. जास्त झालं की उलट्या, भास, धडधड असं सगळं होतं.

आता बिस्किटं, पटकन. १५० ग्रॅम मऊ लोण्यात १२५ ग्रॅम ब्राउन शुगर किंवा चाळलेली गूळ पावडर फेटा, आणि १० ग्रॅम मसाला याच टप्प्यावर घाला, मैद्यात नाही. या मसाल्यांचे वास तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाही. लोण्याने ते धरून ठेवले की बिस्किटभर सारखे पसरतात. मग २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. गोळा गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र टाळू नका. त्याच दिवशी भाजलेल्या बिस्किटात प्रत्येक मसाला वेगळा ओरडतो. सकाळी अर्धा सेंटिमीटर जाड लाटून, कापून, १७० अंशावर वीसेक मिनिटं. लाकडी साचा नसेल तर करंजीचं कातणं फिरवा, मी तेच करतो. काढल्यावर मऊ लागतात, गार होताना कडक होतात. दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात, उरली तर.

मसाला काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा. तीन-चार महिने वास चांगला टिकतो, म्हणून ५० ग्रॅमच करा, किलोभर नको. वेलचीची सालं चहात टाका.

आणि जुन्या बरणीतला तज आईने फेकला नाही. ‘चांगली वस्तू आहे,’ म्हणाली. बिर्याणीला एक-एक तुकडा चाललाय. नवीन दालचिनी आता एका कोकणच्या बागायतदाराकडून येते, महाग पडते, आणि तिची बरणी आईने कपाटाच्या वरच्या खणात ठेवलीय, भाच्याचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. बिस्किटांचा डबाही तिथेच गेलाय. माझाही हात आता स्टुलाशिवाय पोचत नाही.