इंधन पंपाच्या परिपथातील दोष : निदानाचे शास्त्र आणि अर्थशास्त्र

काही वर्षांपूर्वी प्रवासात असताना आमची भाड्याची मोटार अचानक बंद पडली. जवळच्या गॅरेजमधील कारागिराने इंधन पंपाची जोडणी सोडवून मल्टिमीटर लावला. मीटरने 12 व्होल्ट दाखवले. वीज पोहोचते आहे, म्हणजे पंपच निकामी, असा निष्कर्ष काढून नवा पंप बसविण्यात आला. तरीही गाडी सुरू झाली नाही. अखेरीस दोष सापडला तो पंपाची अर्थिंगची तार जेथे सांगाड्याला जोडलेली होती, त्या गंजलेल्या बोल्टवर. काचकागदाने घासताच काम झाले. पंपाची किंमत व बुडालेली दिवसाची कमाई मात्र चालकाच्या माथी आली. मीटरचा आकडा खरा होता, निष्कर्ष चुकीचा होता. असे का घडले?

परिपथाची रचना

बॅटरीतून निघालेली विद्युतधारा फ्यूज, रिले व तारांमधून पंपाकडे जाते आणि अर्थिंगद्वारे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. रिले हा विजेने चालणारा स्विच होय. प्रचलित रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला बॅटरीचा पुरवठा असतो, 87 वरून तो पंपाकडे जातो, तर 85 व 86 ही नियंत्रक वेटोळ्याची टोके असतात. बहुतेक गाड्यांत या वेटोळ्यावर इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची हुकमत असते. चावी फिरविल्यावर पंप साधारण दोन सेकंद चालतो. इंजिन फिरत असल्याचा संकेत न मिळाल्यास नियंत्रक तो थांबवितो. अपघातात इंधन वाहत राहू नये, हाही यामागील हेतू आहे.

आकडा का फसवितो?

उत्तर ओहमच्या नियमात आहे. जोडणी सोडविल्यावर परिपथातून जवळजवळ शून्य विद्युतधारा वाहते, कारण मल्टिमीटरचा स्वतःचा रोध प्रचंड असतो. धारा नसेल तर गंजलेल्या सांध्यावर विभवांतरही खर्च होत नाही आणि मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवितो. आता पंप जोडला असे समजू. सोयीसाठी पंपाचा रोध 2.4 ओहम मानल्यास निर्दोष परिपथात 5 अँपिअर धारा वाहते. सांध्याचा अतिरिक्त रोध केवळ 1 ओहम असला, तरी धारा सुमारे 3.5 अँपिअरवर येते आणि पंपाच्या वाट्याला जेमतेम 8.5 व्होल्ट उरतात. मोटरचे प्रत्यक्ष वर्तन याहून गुंतागुंतीचे असते. तथापि तत्त्व हेच. म्हणून मापन भाराखाली, म्हणजे पंप जोडलेला असतानाच केले पाहिजे.

निदानाचा क्रम

प्रथम चावी फिरवून टाकीजवळ पंपाचा आवाज ऐकावा. आवाज आल्यास इंधनाचा दाब तपासावा. आवाज नसल्यास फ्यूज पाहावा. तो जळालेला असेल तर कारण शोधावे. अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसविणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. त्यानंतर रिलेच्या जागी त्याच प्रकारचा चांगला रिले लावून पाहावा. तरीही पंप न चालल्यास 30 वर पुरवठा आणि 85-86 मध्ये नियंत्रक संकेत आहे का, हे तपासावे. संकेतच नसेल तर दोष पंपाकडे नसून नियंत्रक, इंजिनाचा संवेदक अथवा चोरीविरोधी यंत्रणेकडे असू शकतो. संकेत असेल तर पंपाच्या धन टोकावर आणि पंपाचे अर्थिंग व बॅटरीचे ऋण टोक यांच्या दरम्यान, पंपाला पुरवठा सुरू असताना, विभवांतर मोजावे. अर्थिंगच्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक घट आढळल्यास तो सांधा संशयित समजावा. दोन्ही बाजू निर्दोष ठरल्यावरच पंप बदलावा. पेट्रोलची वाफ असलेल्या जागी ठिणगी उडणार नाही, ही दक्षता अनिवार्य आहे.

बाजारपेठेचा प्रश्न

जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणातून माहितीच्या असममिततेचे विश्लेषण केले. 2001 च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. दुरुस्तीच्या सेवेत ही असममितता अधिक खोल आहे. डार्बी व कार्नी यांनी 1973 मध्ये दाखविल्याप्रमाणे, काही सेवांची गरज खरोखर होती की नाही, हे ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही कळत नाही. सुटा भाग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचे पैसे सहज दिले जातात; निदानातील अर्धा तास दिसत नाही, म्हणून त्याला मोल मिळत नाही. साहजिकच, कारागिराला भाग बदलण्याचे प्रोत्साहन मिळते, दोष शोधण्याचे नाही. येथे अप्रामाणिकपणा असलाच पाहिजे असे नाही. आमच्या कारागिराला केवळ अपुरे प्रशिक्षण मिळाले होते.

हा प्रश्न आता अधिक व्यापक झाला आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज-6 मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या दुचाकींची जागा इंधन अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. ज्या दुचाकीत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरत असे, तीत आता विद्युत पंप, रिले व नियंत्रक आले. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर यांवर उभ्या राहिलेल्या लाखो उपजीविकांना मीटरची भाषा शिकणे भाग पडले.

धोरणात्मक दिशा

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षणाबरोबरच कार्यरत कारागिरांसाठी अल्पमुदतीचे निदान-प्रशिक्षण. दुसरी, तारांचे आराखडे व दुरुस्ती-पुस्तिका यांची उपलब्धता. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेल्या दुरुस्तीच्या अधिकाराविषयीच्या पोर्टलमध्ये मोटारवाहन क्षेत्राचा समावेश आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा. तिसरी, निदानाचे शुल्क बिलात स्वतंत्र दाखविण्याची प्रथा. निदानाला मोल मिळाले, तर अनावश्यक पंप बदलण्याचा मोह आपोआप कमी होईल आणि त्या चालकासारख्यांची दिवसाची कमाई वाचेल.