वारली चौक : भिंतीवरून कागदावर

मुंबई उपनगरात बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि आरे परिसर येथे वारली समाजाचे पाडे आहेत. वारली चित्रकलेचे नाव आज सर्वतोमुखी झाले असले, तरी तिचा गाभा असलेला 'चौक' फारसा परिचित नाही.

चौक हे विवाहविधीचे चित्र होय. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तो रेखाटतात. तांदळाच्या पिठात पाणी कालवून रंग करावयाचा आणि बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करावयाचा, एवढीच साधने. मध्यभागी पालघट देवी आणि तिच्याभोवती नक्षीच्या चौकटी, अशी ही मंडलासारखी रचना असते. चौकाशिवाय विवाह होत नाही.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने हे चित्र कागदावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्याला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वापार स्त्रियांच्या हातची ही कला पुरुषांच्या नावे प्रसिद्ध झाली. मूळ रेखाटणाऱ्या सुवासिनी मात्र अनामिकच राहिल्या.

आता शाळांतून स्केचपेनने वारली आकृत्या काढल्या जातात. साधन बदलल्याने कलेची हानी होत नाही. अर्थ सुटल्याने होते. म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी जवळच्या पाड्यावरील जाणत्या स्त्रियांना योग्य मानधन देऊन शाळेत पाचारण करावे. कोणते चित्र शिकवावे आणि कोणते केवळ विधीसाठी राखावे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.