जुन्या सागरी इंजिनातील काजळी

डिझेल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टन वर येताना इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा तुषार शिरताच तो आपोआप पेट घेतो. या साऱ्या क्रियेला सेकंदाचे जेमतेम काही सहस्रांश मिळतात. तेवढ्यात इंधनाच्या प्रत्येक कणाला पुरेशी उष्णता आणि पुरेसा प्राणवायू मिळाला तर ते जळून जाते, न मिळाल्यास त्यातला कार्बन काजळीच्या रूपाने मागे उरतो. ही काजळी बव्हंशी धुराबरोबर निघून जाते; परंतु तिचा काही भाग पिस्टनच्या माथ्यावर, रिंगांच्या खाचांत, नोझलच्या टोकावर आणि एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठकीवर साठतो, वंगणतेलाबरोबर भाजला जातो आणि अखेरीस खरवडूनही सहज न सुटणारा कठीण थर बनतो.

ससून डॉक, हर्णै किंवा रत्नागिरीचा मिरकरवाडा या बंदरांतील अनेक मासेमारी नौकांवर मालमोटारीच्या इंजिनावरून घडवलेली सहा सिलिंडरची सागरी इंजिने आहेत, आणि त्यांतील जुन्या इंजिनांत इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे नसून केवळ यांत्रिक पंपाकडे असते. अशा इंजिनाला आपल्या बिघाडाची सूचना देता येत नाही, त्यामुळे थर वाढत असल्याचे बहुधा धूर, डिझेलचा वाढता खर्च आणि सकाळी सुरू होताना होणारा त्रास यांवरूनच कळते. नौकेच्या एकूण खर्चात डिझेलचा वाटा मोठा असल्याने हा प्रश्न थेट नाखव्याच्या संसाराशी जोडलेला आहे.

सर्वांत घातक थर रिंगांच्या खाचांतला असतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा बाहेरच्या बाजूने लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतील अस्तराला, घट्ट टेकलेल्या असल्या तरच दाब वर टिकतो. खाचेत कार्बन भरला की रिंग जागच्या जागी जखडते, जळते वायू तिच्या बाजूने खालच्या तेलात उतरतात, तेल वर चढते, आणि दाब घटल्यामुळे ज्वलन आणखी अपुरे होऊन काजळी अधिकच वाढते. पिस्टनच्या वरच्या कडेवर साठलेला कठीण कार्बन लायनरवरील आडव्यातिडव्या बारीक रेघाही घासून टाकतो. त्या रेघा तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम काढलेल्या असतात. त्या पुसल्या गेल्या की नवी रिंग घालूनही तेलाचा खप कमी होत नाही.

जुन्या इंजिनाला जपायचे म्हणजे ते हळू चालवायचे, ही समजूत या बाबतीत मोठे नुकसान करते. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे अर्ध्यावर आणले तर इंजिनावरचा भार निम्मा न होता सुमारे एक-अष्टमांश होतो. इतक्या हलक्या भारावर सिलिंडर थंड राहतो, रिंगांमागे वायूचा दाब पुरेसा नसल्याने त्या लायनरला नीट टेकत नाहीत आणि अर्धवट जळलेले इंधन भिंतींवर चिकट लेप धरते. डोल जाळे लावून भरती-ओहोटीची वाट पाहताना, मासळी निवडताना किंवा दिव्यांसाठी वीज हवी म्हणून इंजिन तासन्‌तास मंद गतीवर ठेवले जाते, तेव्हा हेच घडत असते. थांबा लांबणार असेल तर इंजिन बंद करावे; ते शक्य नसेल तर अधूनमधून, आणि बंदराकडे परततानाचा निदान अर्धा तास, क्रमाक्रमाने भार वाढवून कमाल फेऱ्यांच्या ८० टक्क्यांच्या आसपास चालवावे, म्हणजे साठलेली मऊ काजळी तापून निघून जाते.

थंडीचे आणखी एक कारण माणसाच्या हातचे आहे. गोड्या पाण्याच्या बंद चक्राने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी साधारण ७५ ते ८५ अंशांवर राखण्यासाठी थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन तापू लागले की खरे कारण न शोधता ही झडप काढून टाकण्याचा उपाय योजला जातो, आणि मग इंजिन कायमचेच थंड चालते. समुद्राचे पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनांत तापमान फार चढू देता येत नाही, कारण साठ अंशांच्या वर क्षार बसू लागतात; तेथे भार योग्य ठेवणे हाच काय तो आधार उरतो.

याच्या उलट टोकाला काळा धूर असतो. तो इंधन जास्त आणि हवा कमी झाल्याचे लक्षण होय. पंखा गरजेपेक्षा मोठा असणे, तळाला शेवाळ व शिंपले चिकटलेले असणे, हवेचा फिल्टर तुंबणे, इंजिनघराच्या झरोक्यांवर जाळी-दोर रचून ठेवल्याने आत कोंडलेली गरम, विरळ हवाच इंजिनाला मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. जास्त ओढ मिळावी म्हणून पंपाचे सील तोडून इंधन वाढवणे हा तर काजळीला दिलेला उघड परवाना आहे. भरल्या नौकेवर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन निर्मात्याने ठरवलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचते की नाही, ही एकच चाचणी बरेच काही सांगून जाते.

नोझलकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. ते काढून हातपंपाच्या चाचणीयंत्रावर बसवले असता ठरलेल्या दाबाला उघडावे, प्रत्येक छिद्रातून धुक्यासारखा सारखा फवारा यावा आणि दाब उतरल्यावर टोक कोरडे राहावे. टोकाशी थेंब लोंबत असेल तर तोच थेंब इंजिनात प्रत्येक फेरीला अर्धवट जळून टोकावर कार्बनची टोपी चढवीत असतो, आणि ती टोपी पुढचा फवारा वाकडा करते. डिझेलातील पाणी नोझलची बारीक घडण खराब करते, म्हणून टाकी भरलेली ठेवणे आणि पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा तळ नियमित मोकळा करणे आवश्यक असते.

वंगणतेलातील द्रव्ये काजळी तरंगती ठेवतात, परंतु त्यांची क्षमता संपते, म्हणून तेल निर्मात्याने सांगितलेल्या तासांनी बदललेच पाहिजे, मग ते दिसायला कसेही असो. डिझेलात टाकायची शोधक द्रव्ये नोझल स्वच्छ ठेवायला काहीशी मदत करतात. जखडलेली रिंग सोडवणे त्यांच्या आवाक्यातले नाही. हवेच्या मार्गातून पाणी सोडून कार्बन उडवण्याचा प्रकार तर टाळलाच पाहिजे, कारण पाणी दाबले जात नाही आणि सिलिंडरमध्ये ते जास्त गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

थर एकदा कठीण झाला की हेड उतरवून पिस्टन बाहेर काढावेच लागतात, आणि त्यासाठी १ जून ते ३१ जुलै हा पावसाळी मासेमारी बंदीचा काळ योग्य ठरतो. मिस्त्री रिंगांच्या खाचा साफ करताना अनेकदा जुन्या तुटक्या रिंगेचाच तुकडा वापरतात, कारण तो खाचेत बरोबर बसतो. मात्र ॲल्युमिनियमचा पिस्टन मऊ असल्याने खाचेचा धातू खरवडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. नव्या रिंगा बसवलेले इंजिन हंगामाच्या सुरुवातीला तासन्‌तास मंद गतीवर ठेवू नये, गरम झाल्यावर त्याला मध्यम, बदलता भार द्यावा. रिंगा लायनरला बसतात त्या या पहिल्या काही तासांतल्या दाबानेच.