मांसरस की तांबडा रस्सा?

दीर्घ ज्वरातून उठलेल्या कृश रुग्णास आपण ‘मांसरस घ्यावा’ असे सहज लिहून देतो. तो कशाचा व कसा, हे सांगावयाचे राहते. घरी मग चरबीयुक्त मटणाचा तांबडा रस्सा होतो. मंदाग्नी रुग्णास त्याने दाह व द्रवमलप्रवृत्ती होते आणि दोष वैद्याच्या पथ्यास लागतो. आम्हीही हा बोल ऐकला आहे.

चरकांनी सूत्रस्थानात पक्ष्यांमध्ये लाव व मृगांमध्ये एण श्रेष्ठ मानला. हे मांस लघु व अल्पमेद. तथापि आज हरीण, रानससा वा तित्तिर सुचविणे म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग सुचविणे होय. पाळीव जपानी बटेर हा व्यवहार्य पर्याय. तो ग्रंथोक्त लाव नव्हे, वर्तकाच्या अधिक जवळचा; परंतु दोन्ही विष्किर वर्गातीलच.

अल्पमेद मांस तीव्र आचेवर चिवट होते. त्वचा काढलेले दोन पक्षी एक लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धे पाणी उरेपर्यंत शिजवावेत, तवंग काढून रस गाळावा. आरंभी तो अकृत, म्हणजे स्नेह, लवण व कटुद्रव्यांविना द्यावा. भूक वाढल्यावर तूप, सैंधव, सुंठ, मिरी व डाळिंबाचा रस घालून कृत करावा. लाल मिरची संहितांत नाहीच. ती पोर्तुगीजांबरोबर आली. घरच्यांना झणझणीतपणा हवाच असेल तर मिरी पुरेशी आहे.

औषधी दुकानदारांनी सुंठ-मिरीची पुडी देताना तिच्यावर ‘मिरचीपूड घालू नये’ असे ठळक लिहावे.