पाणी वापर संस्था : कारभार कुणाच्या हाती?

सात नंबरचा अर्ज भरायचा, मागची पाणीपट्टी चुकती करायची आणि मग कालव्याकडे डोळे लावून बसायचे, ही आपल्याकडच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याची जुनी सवय. तेरजवळचे तेरणा धरण असो, माकणीचे निम्न तेरणा असो की परंडा तालुक्यातले सीना-कोळेगाव, आवर्तन कधी सुटणार ते सरकारी कार्यालयात ठरते. सुटलेले पाणी कुठवर पोचणार, हे मात्र बऱ्याचदा वरच्या अंगाचा ऊस भिजून झाला की नाही, यावर अवलंबून असते. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत कालवा बंद झालेला असतो.

पाणी वापर संस्था निघाल्या त्या या दुखण्यावर. एका लघुवितरिकेवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र यायचे, शासनाकडून पाणी ठोक मोजून घ्यायचे आणि आपसात वाटायचे, एवढीच मूळ कल्पना. महाराष्ट्रात अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक म्हणजे मुळा प्रकल्पावरची दत्त सहकारी पाणी वापर संस्था. ती १९८९ मधली. पण कारभार कसा चालतो हे समजून घ्यायचे, तर नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाकडे पाहावे.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आणि ओझर हे गाव कालव्याच्या टोकाला. म्हणजे टेलचेच. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९० च्या सुमारास ओझरला तीन संस्था उभ्या राहिल्या. ज्यांना पाणी मिळत नव्हते, त्यांनीच पहिले पाऊल टाकले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला संस्थेची गरज कशाला वाटेल? या संस्थांनी कालव्याचे पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडले, त्यामुळे आसपासच्या विहिरींना पाणी वाढले आणि विहिरीवाल्यांनीही संस्थेला पैसे दिले. पुढे संस्था वाढत जाऊन चोवीस झाल्या, त्यांचा प्रकल्प पातळीवर संघ झाला आणि सबंध प्रकल्पाच्या सिंचनाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले.

आता कारभाराचे बोलू. सुरुवातीच्या संस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या होत्या. त्यात सभासद होणे ऐच्छिक. त्यामुळे एकाच चारीवर दहा जण संस्थेत आणि पाच बाहेर, असे व्हायचे आणि बाहेरचे पाचजण घोळ घालायचे. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने संस्थेच्या हद्दीतल्या सगळ्या जमीनधारकांना सभासद केले आणि संस्था झाली की पाणी संस्थेलाच द्यायचे, एकेकट्याला नाही, असे ठरवले. मला स्वतःला या कायद्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती संचालक मंडळाची रचना. चारीचे शीर्ष, मध्य आणि पुच्छ असे तीन भाग करायचे आणि तिन्ही भागांना सारख्या जागा द्यायच्या. अध्यक्षपदही या भागांत फिरते. वरच्या अंगाला मोठा बागायतदार असला, तरी मंडळात त्याच्या भागाची मते टेलच्या भागाहून जास्त होत नाहीत. साखर कारखाने आणि सोसायट्यांची राजकारणे पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

संस्थेचा व्यवहार साधा आहे. ताबा घेण्यापूर्वी शासन आणि शेतकरी मिळून चारीची पाहणी करतात, दुरुस्त्या ठरतात आणि करार होतो. चारीच्या मुखाशी पाणी मोजण्याची सोय असते. शासन घनमीटरप्रमाणे आकारणी करते, संस्था सभासदांकडून आपल्या दराने वसुली करते आणि मधल्या पैशातून पाटकऱ्याचा पगार आणि चारीची साफसफाई भागवते. मंजूर पाण्यात कोणते पीक घ्यायचे, ते शेतकऱ्याने ठरवावे. फुटलेल्या चारीतून वाहून गेलेले पाणीही संस्थेच्याच खात्यावर पडते, त्यामुळे चारी तुंबली किंवा फुटली की ती सगळ्यांची चिंता होते.

त्रुटीही आहेत. सभासदत्व जमिनीशी जोडलेले असल्यामुळे सातबारावर नाव नसलेली बाई आणि भूमिहीन माणूस सभासद होत नाहीत. महिलांसाठी जागा राखीव असल्या, तरी जिच्या नावावर जमीन आहे अशी बाई शोधावी लागते. विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीवर न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले, भूमिहीनालाही वाटा ठेवला आणि ऊस चालणार नाही असे ठरवले. कालव्यावरच्या कायद्यात तेवढी मजल गेली नाही.

आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. धरण दर वर्षी भरत नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आपलीही धरणे तेव्हा आटलेली होती. वाटायला पाणीच नसले, तर संस्था वाटणार काय? त्याच २००५ मध्ये आलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात टंचाईसाठी एक तरतूद आहे : शक्य तोवर प्रत्येक जमीनधारकाला किमान एक एकर भिजेल एवढे पाणी मिळावे. तुमच्या चारीवर संस्था असेल, तर धरणात पाणी असतानाच, दिवाळीच्या आत, सर्वसाधारण सभेत हा हिशेब मांडायला लावा आणि चारीच्या मुखावरच्या मोजणीची वही मागा. सभासदाला ती पाहण्याचा हक्क आहे आणि टेलच्या शेतकऱ्याने तर ती दर आवर्तनाला पाहावी.