डबीवरचे मराठी

इस्पितळातून माणूस घरी येतो आणि त्याच्यामागोमाग एक कागद येतो. त्याचे नाव डिस्चार्ज कार्ड. माणूस घरच्यांना ओळखू येतो, कागद येत नाही! बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, आणि मौज अशी, की ही अक्षरे इंग्रजीतलीही नव्हेत, लॅटिनमधली आहेत.

१८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली होती. तिच्यासाठी डॉ. मॅक्लेनन यांनी मराठीत पुस्तके तयार करवली. १८३२ साली ती बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते इंग्रजीतूनच. दुखणे मराठीत आणि कागद इंग्रजीत, अशी वाटणी झाली ती झालीच.

आता चॅटजीपीटीसारखी बोलकी यंत्रे हा कागद क्षणात मराठीत करून देतात. मी डोंबिवलीत राहतो, कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा शेजारी ते मराठी समजून घ्यायला माझ्याकडे येतात! एकात वाक्य होते, ‘वृक्के उल्लेखनीय नाहीत.’ मूळ अर्थ इतकाच, की किडनीत दोष आढळला नाही. शुगर, बीपी, किडनी हे शब्द आता मराठीच झाले, असे माझे मत आहे. शुद्धीचा आग्रह मी वर्गात धरीन, औषधाच्या डबीवर नाही.

पण खरी भीती अवघड शब्दाची नव्हे, सोप्या वाक्याची आहे. शेजारच्या काकूंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी दिलेली. या दुखण्यात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. त्यांच्या सूनबाईंनी यंत्राला सांगितले, ‘थोडक्यात, सोपे करून दे.’ उत्तर मोठे सुबक आले : ‘सांधेदुखीसाठी ही गोळी नियमित घ्या.’ आठवडा गळून पडला!

मूळ कागद शेजारी होता, म्हणून ते सूनबाईंच्या ध्यानात आले. “सर, वाक्य चुकीचं नाही हो, पण अर्धंच आहे,” त्या म्हणाल्या. परीक्षेत मी त्या वाक्याला पूर्ण गुण दिले असते.

यंत्र टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. औषधाचे नाव, मात्रा, वेळ, वार जसेच्या तसे ठेव, असे त्याला बजावावे; मग एकेक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहावा, शंका डॉक्टरांना विचारावी. आणि शेवटी रुग्णालाच विचारावे, “काय कळलं, सांगा बघू?” काकू म्हणाल्या, “सोमवारी एक. बाकीचे दिवस या गोळीला हात लावायचा नाही.” सूनबाईंनी तेवढेच लिहून डबीवर चिकटवले.